शार्क्सचे चार ड्राफ्ट, २०२२ ते २०२५: नशीब किती आणि पारख किती?

डिरिडॉनकर | १९ जुलै २०२५, रात्री ९:४०

एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, ड्राफ्ट (साधारण तळाच्या संघापासून सुरू करून संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो) होऊन तीन आठवडे झाले. ऑफिसात, मुलाच्या रिंकवर, मंडळाच्या सहलीत, जिथे सॅन होजे शार्क्सचा विषय निघतो तिथे एकच वाक्य ऐकू येतं: ‘आता आपले दिवस येणार.’ मलाही तसंच वाटतं. पण का वाटतं हे एकदा नीट उकलून बघावं म्हणून हा धागा काढतोय. गेल्या चार ड्राफ्टमध्ये जे पदरात पडलं, त्यातलं किती निव्वळ तळाला राहिल्यामुळे मिळालं आणि किती संघाचे जनरल मॅनेजर माइक ग्रीयर आणि त्यांच्या स्काउटांनी (खेळाडू हेरणाऱ्यांनी) डोकं लावून मिळवलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी २००४ मध्ये सॅन होजेला आलो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी जो थॉर्नटन बॉस्टनहून आला आणि त्याच हिवाळ्यात एका सहकाऱ्याने मला पहिल्यांदा सामन्याला नेलं. तेव्हापासून मी या संघाचा. मार्लो, पॅव्हेल्स्की, कूटूर, व्लासिक ही माणसं वीस वर्षं घरातल्यासारखी झाली होती. २०१९ नंतर एकदाही प्लेऑफ नाही, ही सहा वर्षं फार जड गेली. या एप्रिलमध्ये कूटूरने निवृत्ती जाहीर केली, जूनमध्ये संघाने व्लासिकचा उरलेला करार पैसे देऊन संपवला. त्या पिढीतलं बर्फावर आता कोणी राहिलं नाही.

तरुण खेळाडूंचं कोठार रिकामं कसं झालं ते आठवून बघा. २०१८ मध्ये ओटावाकडून एरिक कार्लसन घेताना आपण जॉश नॉरिस दिला आणि वर पहिल्या फेरीचा पिकही (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) दिला. संघ वरच राहणार, म्हणजे पिक खालच्या नंबरचा असणार, असा हिशेब होता. २०१९-२० मध्ये संघ कोसळला, तो पिक तिसऱ्या क्रमांकाचा निघाला आणि ओटावाने त्यावर टिम श्टुट्झले उचलला. आपल्या शेतातलं धान्य दुसऱ्याच्या कणगीत गेलं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाला घेतलेला सेलेब्रीनी. २०२३-२४ मध्ये आपण तळाला होतो, लॉटरी लागली आणि बॉस्टन युनिव्हर्सिटीसाठी ३८ सामन्यांत ६४ गुण (गोल अधिक असिस्ट) करून सर्वात लहान वयात होबी बेकर पुरस्कार (कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम खेळाडूचा) जिंकलेला मुलगा समोर उभा होता. तिथे कोणत्याही संघाने तोच घेतला असता. पहिल्याच हंगामात ७० सामन्यांत २५ गोल आणि ३८ असिस्ट. डोळ्यांचं पारणं फिटावं असा खेळ, पण त्याचं श्रेय मी पारखीला देत नाही. यंदाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मायकल मीसाचंही जवळपास तसंच. सॅगिनॉ या ज्युनियर संघासाठी ६५ सामन्यांत १३४ गुण केलेला सेंटर (मधला आक्रमक) दुसऱ्या नंबरला समोर आला, तर तो घ्यायला फार मोठी नजर लागत नाही.

मला खरी पारख दिसते ती ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) साखळीत. जरा सावकाश वाचा, कारण हे एकत्र मांडलेलं मी कुठे फारसं बघितलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये टिमो मायर न्यू जर्सीला गेला. त्या बदल्यात बचावपटू शकीर मुखामादुल्लिन आला, पहिल्या फेरीचा एक पिक आला, त्यावर २६ व्या क्रमांकाला क्वेंटिन मस्टी घेतला, आणि २०२४ चा दुसऱ्या फेरीचा पिक आला, तो ४२ वा ठरला. ऑगस्ट २०२३ मध्ये कार्लसन पिट्सबर्गला गेला. आदल्या हंगामात त्याने १०१ गुण करून नॉरिस ट्रॉफी (सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार) जिंकली होती, म्हणजे भाव चढलेला असताना विकला. त्यातून आलेला पिक १४ वा निघाला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये ग्रीयर यांनी हे १४ आणि ४२ दोन्ही बफेलोला दिले, ११ वा क्रमांक घेतला आणि त्यावर कॅनडातल्या लंडन नाइट्सचा बचावपटू सॅम डिकिन्सन उचलला. म्हणजे डिकिन्सन हा अर्धा कार्लसन आणि थोडासा मायर आहे.

मार्च २०२४ मध्ये टोमाश हर्टल व्हेगासला गेला. मला ते सगळ्यात जास्त लागलं. त्या बदल्यात डेव्हिड एडस्ट्रॉम आणि व्हेगासचा २०२५ चा पहिल्या फेरीचा पिक आला. पाचच महिन्यांत हे दोन्ही, सोबत गोली माग्नुस क्रोना, असं नॅशव्हिलला देऊन यारोस्लाव अस्कारोव्ह आणला. २०२० मध्ये ११ व्या क्रमांकाला घेतलेला गोली. हर्टल देऊन पुढची दहा वर्षं गोलमध्ये उभा राहू शकेल असा माणूस आणला, असं मी त्याकडे बघतो.

पण सगळंच गोड नाही. ग्रीयर यांची नेमणूक ५ जुलै २०२२ ची आणि ड्राफ्ट ७ जुलैला. दोन दिवसांत त्यांनी ११ वा क्रमांक ॲरिझोनाला देऊन २७, ३४ आणि ४५ घेतले: फिलिप बिस्टेड, कॅमरन लुंड, मतियास हावेलिद. तीन वर्षं होऊन गेली. लुंड या वसंतात काही सामने खेळला, बिस्टेड बाराकुडात (शार्क्सच्या खालच्या संघात) आहे. एकाचीही जागा पक्की नाही. १२ व्या क्रमांकाला कोलंबसने डेंटन मॅटेचुक घेतला, १३ व्याला शिकागोने फ्रँक नझार. माझ्या मते चार वर्षांतला हा एकच निर्णय असा आहे जो पूर्णपणे पारखीवर उभा होता, आणि आजच्या घडीला तोच सगळ्यात कच्चा दिसतो.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विशेषतः ज्यांनी या मुलांना ज्युनियरमध्ये प्रत्यक्ष बघितलंय त्यांनी.

---

खडकीचा_फुलबॅक | १९ जुलै २०२५, रात्री ११:१५

छान लिहिलंय. मी पुण्यातून वाचतोय, मैदानी हॉकी खेळत मोठा झालो. धनराज पिल्ले यांच्या गावचा, त्यामुळे हॉकी म्हटलं की गवत आणि टर्फ एवढंच डोळ्यांपुढे येतं. भाचा तुमच्याकडे असतो, त्याने शार्क्सचं वेड लावलं.

एक मूलभूत शंका. आपल्याकडे हॉकी इंडिया लीग डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा लिलाव झाला, हरमनप्रीतला सूरमाने ७८ लाखांना घेतलं. ज्याच्या खिशात दम आणि ज्याचं डोकं ठिकाणावर, त्याला खेळाडू. इथे जो संघ सगळ्यात वाईट खेळतो त्यालाच सगळ्यात चांगला मुलगा देतात? मग मुद्दाम हरण्याचा मोह कसा आवरतात?

---

डिरिडॉनकर | १९ जुलै २०२५, रात्री ११:५०

@खडकीचा_फुलबॅक, रास्त शंका आहे. त्यासाठीच लॉटरी. तळाला राहिलात म्हणून पहिला नंबर मिळेलच असं नाही. ती शक्यता साधारण चारात एक एवढीच. मात्र तळाचा संघ तिसऱ्या नंबरच्या खाली घसरत नाही. यंदा आपण गुणतक्त्यात ५२ गुणांवर पुन्हा तळाला होतो, पण लॉटरी न्यूयॉर्क आयलंडर्सना लागली. ते दहाव्या जागेवरून थेट पहिल्यावर गेले आणि मॅथ्यू शेफर त्यांना मिळाला. आपण दुसरे.

दुसरा फरक वयाचा. तुमच्या लिलावात तयार खेळाडू असतो. इथे मुलगा १८ वर्षांचा. त्यातले बरेचसे आणखी दोन-चार वर्षं कॉलेजात, ज्युनियरमध्ये किंवा युरोपात खेळतात. म्हणून ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी जे गुण वाटले जातात त्यांना फारसा अर्थ नसतो. आंब्याची कलमं लावल्या दिवशी पेट्या मोजता येत नाहीत.

---

बर्फातला_मिसिसागाकर | २० जुलै २०२५, सकाळी ६:०५

ज्युनियर बघणाऱ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. आमचे स्टीलहेड्स गेल्या वर्षी मिसिसागा सोडून ब्रॅम्प्टनला गेले, तरी मी जातो. ओएचएलची (ऑन्टारिओतल्या ज्युनियर लीगची) तिकिटं परवडतात आणि मुलं काचेच्या इतक्या जवळ असतात की त्यांचे श्वास ऐकू येतात.

मीसाबद्दल तुम्ही ‘फार मोठी नजर लागत नाही’ म्हणालात, ते मला पटलं नाही. १५ व्या वर्षी त्याला ओएचएलने अपवाद म्हणून एक वर्ष आधी प्रवेश दिला होता, तेव्हापासून त्याच्याभोवती गाजावाजा. पण पहिली दोन वर्षं तो बहुतेक विंगवर खेळला आणि तेव्हा लोक म्हणू लागले की फुगा फुटला. गेल्या हंगामात तो मधे आला आणि सगळं बदललं. मी बघितलेल्या सामन्यात माझ्या लक्षात राहिला तो त्याचा गोल नाही. समोरच्या बचावपटूने पक (चेंडूऐवजीची चकती) मागे वळवायच्या आत मीसाची काठी तिथे होती. पक हिसकावला, मान वर केली, आणि ज्या पोराकडे पास गेला त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की तो मोकळा आहे. हे शिकवून येत नाही.

आता मुद्दा इगोर चेर्निशोव्हचा. तुमच्या मूळ लेखात तो नाही याचं आश्चर्य वाटलं! २०२४ मध्ये ३३ व्या क्रमांकाला घेतलेला, दुसऱ्या फेरीतला पहिलाच. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे हंगाम उशिरा सुरू झाला, आणि मग सॅगिनॉत २३ सामन्यांत ५५ गुण. अंगाने मोठा, बोर्डाजवळ घुसून पक काढणारा. मीसाच्या बाजूला तोच होता. तुमच्या संघाने त्या जोडीतला एक आधी घेतला आणि वर्षाने दुसराही. पारख म्हणत असाल तर ती इथे आहे.

मात्र एक इशारा देतो. ज्युनियरच्या गुणांवर भुलू नका. रायन मर्कलीला २०१८ मध्ये तुमच्याच संघाने २१ व्या क्रमांकाला घेतलं होतं. ग्वेल्फमध्ये त्याला बघताना वाटायचं, काठीला पक शिवून ठेवलाय. पण बचावपटू असून बचावाचं अंग कमी. एनएचएलमध्ये ३९ सामने, मग ट्रेडमध्ये कोलोराडोला.

---

आकडेमोड | २० जुलै २०२५, सकाळी ८:३०

+१, मर्कलीचं उदाहरण अचूक.

धाग्यात एक नाव अजून आलं नाही आणि ते आल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही: मॅटव्हे मिचकोव्ह. २०२३ मध्ये चौथा क्रमांक आपला होता. बेडार्ड, कार्लसन (लिओ), फँटिली गेले होते. आपण विल स्मिथ घेतला. मिचकोव्ह सातव्याला फिलाडेल्फियाला गेला. गेल्या हंगामात दोघांचंही पदार्पण झालं. मिचकोव्ह ८० सामन्यांत ६३ गुण, स्मिथ ७४ सामन्यांत ४५. नुसत्या आकड्यांवर गेलं तर आपण चुकलो.

पण स्मिथचा हंगाम दोन तुकड्यांत बघायला हवा. सुरुवातीला सलग दोन रात्री सामने असले की त्याला एक सामना बसवत होते, त्या वेळात जिममध्ये ताकद वाढवण्यावर भर. बऱ्याच जणांनी तेव्हा नाक मुरडलं. मीही. उत्तरार्धात तोच मुलगा सेलेब्रीनीच्या बाजूला विंगवर असा खेळला की जणू दोघं लहानपणापासून एका गल्लीत खेळलेत. शिवाय त्या वेळी मिचकोव्हचा रशियातला करार २०२६ पर्यंत होता, तो कधी येईल याची खात्री नव्हती. तो लवकर सुटेल हे ड्राफ्टच्या दिवशी कोणाला दिसत नव्हतं. निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशीच्या माहितीवर जोखावा, असं माझं मत. स्मिथ आदल्या हंगामात अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघात होता आणि ड्राफ्टनंतरच्या वर्षी बॉस्टन कॉलेजसाठी ४१ सामन्यांत ७१ गुण करून संपूर्ण एनसीएएत (अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धेत) पहिला आला. निवड वाईट नव्हती. ती सर्वोत्तम होती का, हे मी आज सांगणार नाही.

मूळ प्रश्नाबद्दल: पहिल्या दहातल्या निवडींवरून कोणत्याही व्यवस्थापकाला जोखू नये. तिथे सगळ्यांच्या याद्या सारख्याच असतात. जोखायचं ते तिसऱ्या फेरीच्या पुढे. आपल्याच संघाचा इतिहास बघा. पॅव्हेल्स्की २००३ मध्ये २०५ वा. नाबोकोव्ह १९९४ मध्ये २१९ वा. जस्टिन ब्राऊन २००७ मध्ये २०१ वा. शार्क्स वीस वर्षं वर राहिले ते अशा लोकांमुळे. आणि योगायोग असा की ग्रीयर स्वतः १९९३ मध्ये सेंट लुइसने २१९ व्या क्रमांकाला घेतलेले खेळाडू, पुढे हजाराहून जास्त सामने खेळले.

त्या कसोटीवर आज माझ्याकडे एकच ठोस नाव आहे: लुका कान्योनी. २०२३, चौथी फेरी, १२३ वा. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, बचावपटूसाठी फारच कमी. बाराकुडात पहिल्याच पूर्ण हंगामात पन्नासहून जास्त गुण.

---

लेकीची_रिंकवारी | २० जुलै २०२५, दुपारी १:२०

आकड्यांत मला फार गती नाही, पण चार वर्षं आठवड्याचे तीन दिवस पहाटे पाचला रिंकवर बसून काढलीत, त्यामुळे थोडं लिहायचं धाडस करते. लेक बारा वर्षांची आहे, विंगवर खेळते.

सेलेब्रीनीला तुम्ही सगळे नशीब म्हणताय. आमच्याकडच्या मुलांसाठी तो त्याहून वेगळा आहे. त्याचे वडील वॉरियर्स या इथल्या बास्केटबॉल संघाच्या वैद्यकीय विभागाचं काम बघतात, त्यामुळे कुटुंब इथे आलं आणि तो लहानपणी ज्युनियर शार्क्सकडून खेळला. इथल्याच बर्फावर. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा मुलगा ‘कॅनडातून आलेला कोणी’ नाही, या मुलांच्या लॉकर रूममध्ये बसून गेलेला आहे. आणि पहिल्या हंगामात तो थॉर्नटन यांच्या घरी राहायला होता हे कळल्यावर तर आमच्या घरात दोन दिवस तोच विषय.

यंदा मात्र माझ्या मुलीच्या टीममध्ये सर्वात जास्त चर्चा झाली ती ३३ व्या क्रमांकाच्या हाओशी वांगची. बीजिंगमध्ये जन्मलेला बचावपटू, साडेसहा फूट उंच. चीनमध्ये जन्मलेल्या खेळाडूंमध्ये ड्राफ्टमध्ये इतक्या वर कोणी गेलं नव्हतं. तिच्या टीममध्ये अर्ध्या मुली चिनी घरांतल्या, दोन भारतीय. त्या रात्री तिने मला विचारलं, “आई, आपल्यातलं कोणी कधी जाईल का गं?” मी म्हटलं, जाईल. तिने पुढे काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गजर व्हायच्या आधी उठून बसली होती.

वांग खेळाडू म्हणून कसा आहे हे कोणी सांगाल का? कारण काही पालक म्हणतात नुसत्या उंचीवर घेतला.

---

बर्फातला_मिसिसागाकर | २० जुलै २०२५, दुपारी ४:४५

@लेकीची_रिंकवारी ताई, नुसत्या उंचीवर नाही. हंगामाच्या मध्यात तो ज्युनियर ए या खालच्या पातळीवरून ओएचएलच्या ओशावात आला, म्हणजे वर्षाच्या मधोमध इयत्ता बदलल्यासारखं. पकसोबत गोंधळ उडायचा, पास चुकायचे. पण एवढ्या उंचीचा मुलगा इतका सहज मागे-पुढे वळताना मी क्वचित बघितलाय. लांबून वाटतं विंगर निसटला, आणि दोन ढांगांत हा त्याच्या पुढे. त्याला तीन-चार वर्षं लागतील. ३३ व्या क्रमांकाला असा धोका पत्करणं मला योग्य वाटतं, कारण तिथे सुरक्षित निवड केली तर बहुधा चौथ्या लाइनचा (शेवटच्या फळीचा) खेळाडू मिळतो, आणि तसे खेळाडू उन्हाळ्यात बाजारातही मिळतात.

---

निळी_रेषा | २० जुलै २०२५, रात्री ८:१०

सगळे फॉरवर्डांच्या प्रेमात आहेत. कोणीतरी बचावाबद्दल बोलायला हवं.

गेल्या हंगामात आपण ५० सामने सरळ हरलो, आणि मी जे बघितलं त्यात गोल न होणं हे मुख्य दुखणं नव्हतंच. आपल्या निळ्या रेषेच्या (बचावाच्या हद्दीच्या) आत पक आला की बाहेर जायचाच नाही. अशा संघाने दुसऱ्या क्रमांकावर आणखी एक सेंटर घेतला. शेफर आधीच गेला होता हे मान्य. त्याच्या तोलाचा दुसरा बचावपटू या ड्राफ्टमध्ये नव्हता हेही मान्य. तरी सेलेब्रीनी, स्मिथ, मीसा, एक्लुंड यांच्या मागे कोण उभं राहणार हा प्रश्न राहतोच.

त्याचं उत्तर डिकिन्सन, आणि म्हणून हा मुलगा माझ्या दृष्टीने सेलेब्रीनीनंतरचा सर्वात महत्त्वाचा. ५५ सामन्यांत ९१ गुण, ओएचएलचा सर्वोत्तम बचावपटू, आणि मे-जूनमध्ये लंडनसोबत मेमोरियल कप (ज्युनियर हॉकीचं सर्वोच्च विजेतेपद). आपल्याच ड्राफ्टमधला हाल्टुनेनही त्याच संघात होता. मर्कलीशी तुलना इथे लागू पडत नाही. डिकिन्सन सहा फूट तीन इंच, स्केटिंग दणकट, आणि आधी स्वतःचं घर सांभाळून मग पुढे जातो.

अडचण नियमाची आहे. तो जूनमध्ये १९ चा झाला. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या मुलाला या वयात एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमधल्या आपल्या बाराकुडात, पाठवता येत नाही. एक तर एनएचएल, नाही तर परत लंडन. लंडनमध्ये त्याने जिंकण्यासारखं काही शिल्लक ठेवलेलं नाही. आणि इथे संघाने जुलैमध्ये ओर्लोव्ह, क्लिंगबर्ग, लेडी असे तीन अनुभवी बचावपटू आणले. फेरारो आहे, मुखामादुल्लिन आहे, कान्योनी दारात उभा आहे. मग या मुलाला बर्फ कुठे मिळणार? आठवड्यात दोन सामने प्रेस बॉक्समधून बघायला लावून बचावपटू घडत नाही.

---

डिरिडॉनकर | २० जुलै २०२५, रात्री १०:३०

@निळी_रेषा, अनुभवी माणसं आणली याचा मला आनंद झाला. २०२३-२४ मध्ये तरुण बचावपटूंना रोज मार खाताना बघितलंय. ओर्लोव्हसारखा कोणी बाजूला असेल तर डिकिन्सनला प्रत्येक शिफ्टला आग विझवत बसावं लागणार नाही. आणि नऊ सामन्यांची मुभा आहेच. तेवढ्यात परत पाठवला तर कराराचं वर्ष खर्ची पडत नाही.

परत पाठवणं म्हणजे अपमान नाही हे आपण एक्लुंडच्या बाबतीत बघितलंय. २०२१ मध्ये सातव्या क्रमांकाला घेतला, ती डग विल्सन यांच्या काळातली निवड. नऊ सामने खेळवून त्याला स्वीडनला परत धाडलं. पुढचं जवळजवळ सगळं वर्ष बाराकुडात. तेव्हा कितीतरी लोक म्हणाले, मुलगा वाया गेला. गेल्या हंगामात ५८ गुण. @मिसिसागाकर, चेर्निशोव्हला मूळ लेखात विसरलो ही चूकच झाली, कबूल.

---

निळी_रेषा | २० जुलै २०२५, रात्री ११:०५

एक्लुंड विंगर आहे. विंगरची चूक झाली तर मागे तीन माणसं असतात. बचावपटूची चूक झाली तर मागे फक्त गोली. त्यामुळे ते उदाहरण मला पुरत नाही. माझं म्हणणं एवढंच: ऑक्टोबरपासून त्याला रोज अठरा मिनिटं देणार असाल तर ठेवा, नाही तर लंडनला जाऊन ३० मिनिटं खेळू द्या.

---

आकडेमोड | २१ जुलै २०२५, सकाळी ७:५०

गोलीचं कोणी फारसं बोललं नाही. अस्कारोव्ह २३ वर्षांचा झाला, या हंगामात त्याला खरी संधी आहे. सोबतीला पिट्सबर्गहून नेडेलकोविच आणलाय. आणि यंदा पहिल्या फेरीत, ३० व्या क्रमांकाला, प्रिन्स जॉर्जचा जोशुआ रेव्हन्सबर्गन घेतला. गोलीवर पहिल्या फेरीचा पिक खर्च करणं मला सहसा आवडत नाही, कारण गोली पिकायला सर्वात जास्त वेळ लागतो आणि कोणता पिकेल ते कोणालाच नीट कळत नाही. पण हा पिक ग्रॅनलुंड आणि सीसी हे दोन खेळाडू डॅलसला देऊन आला होता. बाहेरून आणलेली माणसं पुढे विकली, त्यातून हा मुलगा. मग ते चालेल असं वाटतं.

२०२२ च्या ११ व्या क्रमांकाबद्दल डिरिडॉनकरांशी मी अर्धा सहमत. कोठारात काहीच नसताना एकाऐवजी तीन पिक घेणं हा विचार बरोबर होता. पण दोन दिवसांपूर्वी आलेल्या माणसाकडे स्वतःची यादी नव्हती, जुन्याच स्काउटांच्या यादीवर निवड झाली. विचार बरोबर, निवड कच्ची, असं मी वेगळं वेगळं लिहीन. आणि बिस्टेड अजून २१ चा आहे. त्याच्यावर मी फुली मारणार नाही.

---

डिरिडॉनकर | २१ जुलै २०२५, रात्री ९:००

हे वेगळं करून बघणं मला पटलं. मूळ लेखातलं ‘सगळ्यात कच्चा निर्णय’ हे ‘सगळ्यात कच्ची निवड’ असं वाचावं.

सगळं वाचल्यावर माझं मत थोडं सरकलं आहे. सुरुवातीला मी ट्रेडच्या साखळीला सगळं श्रेय देत होतो. पण ती साखळी म्हणजे घरातलं सोनं योग्य दिवशी मोडणं. ते ग्रीयर यांना नक्की येतं. त्या पैशातून पुढे काय घेतलं हे डिकिन्सन, अस्कारोव्ह आणि मस्टी बर्फावर सांगतील. चेर्निशोव्ह आणि कान्योनी ही दोन नावं मात्र मी आजच पारखीच्या खात्यावर लिहून ठेवतो.

---

खडकीचा_फुलबॅक | २१ जुलै २०२५, रात्री ११:४०

तुमच्या सगळ्यांमुळे मला आता यातली निम्मी नावं पाठ झाली. नवीन हंगामाचं वेळापत्रक आलंय असं भाच्याने सांगितलं. मला पहिला सामना बघायचाय. कोणाशी आहे, आणि मी कोणावर लक्ष ठेवू?

---

डिरिडॉनकर | २२ जुलै २०२५, सकाळी ६:१५

@खडकीचा_फुलबॅक दादा, ९ ऑक्टोबरला घरच्या बर्फावर, व्हेगासविरुद्ध. इथल्या संध्याकाळी सातला तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळी साडेसात वाजतात.

व्हेगासच्या ४८ नंबरवर लक्ष ठेवा. तो हर्टल. तो बर्फावर आला की इथले लोक उभे राहतील, मीही राहीन. आणि आपल्या गोलमध्ये त्या दिवशी अस्कारोव्ह असेल तर हर्टलच्या पहिल्या शॉटला तो काय करतो ते बघा.